मेन बंद, तरी मीटर चालू : बेळगावच्या शहापुरातल्या एका घराचं वीजबिल

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "करंटाचं बिल साडेतीन हजार आलंय रे. मी एकटी बाई आणि ही पोरगी. आम्ही असं काय जाळलं?" आवाज रडवेला होता. ज्या घरात अडीच वर्षं बिलावर शून्य यायचं, फार तर चाळीस-पन्नास रुपये, त्या घरात साडेतीन हजार.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटारी, पॅनेल, केबल हेच माझं रोजचं काम. म्हणून नात्यात कुणाचा पंखा फिरायचा थांबला तरी फोन मलाच येतो. पण हे प्रकरण सोडवायला मला दहा दिवस लागले आणि त्यात मी दोनदा चुकलो. ते सविस्तर लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मराठी वाचणाऱ्या माणसाला वीजबिलाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक महाराष्ट्राचं असतं. मावशीला चंदगडच्या पाहुण्यांनी फोनवर समजावलं होतं की शंभर युनिटांवर दर वाढतो आणि तीनशेच्या वर आणखी वाढतो. ते महावितरणच्या ग्राहकाला लागू आहे. आमचा पुरवठा हेस्कॉमचा, म्हणजे हुबळीच्या वीज कंपनीचा, दर ठरवतो कर्नाटकाचा वीज नियामक आयोग आणि सवलत कर्नाटक सरकारची. सीमेच्या अलीकडं त्या सल्ल्याचा उपयोग शून्य.

घर आणि फळी

शहापुरातली जुनी घरं लांबोडकी असतात. रस्त्याकडून रुंदी थोडकी, पण आत शिरलं की परसापर्यंत चालतच राहायचं. मावशीचं घर तसंच. पंचवीस वर्षांपूर्वी भावाभावांत वाटणी झाली. पुढचा भाग मावशीच्या यजमानांना मिळाला, मागचा धाकट्या दिरांना. मधला बोळ आणि जिना दोघांचा. वायरिंग मूळच्या एकाच घराचं होतं. वाटणीच्या वेळी ते मधोमध तोडून दुसरा मीटर बसवला. आर. आर. नंबर, म्हणजे बिलावरचे ग्राहक क्रमांक, दोन झाले आणि दोन्ही मीटर पुढच्या पडवीत एकाच लाकडी फळीवर शेजारी शेजारी बसले.

मावशीचे यजमान गेले त्याला काही वर्षं झाली. आता तिच्याकडं लेकीची मुलगी असते, कॉलेजसाठी खानापूर तालुक्यातून आलेली. मागं दीर, जाऊ, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. दोन्ही घरांत बोलणं होतं, सणाला ताटं जातात-येतात. पण वाटणीची जुनी सल पुरती गेलेली नाही, आणि या प्रकरणात तिचाही भाग आहे.

तीन बिलं

आपल्याकडं म्हातारी माणसं अजून "केईबीचं बिल" म्हणतात. केईबी, म्हणजे कर्नाटकाचं जुनं वीज मंडळ, १९९९ मध्येच संपली, पण शब्द राहिला. बिलावरचा मजकूर कन्नड. मावशीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. नातीनं शाळेत कन्नड शिकलेलं, म्हणून ती वाचून दाखवते. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांच्यासाठी कामाचे शब्द इथंच देतो. 'हिंदिन मापन' म्हणजे मागचं रीडिंग, 'इंदिन मापन' म्हणजे आजचं. 'बळके' म्हणजे वापर, त्या दोन रीडिंगमधला फरक. 'निगदित शुल्क' म्हणजे स्थिर आकार, 'तेरिगे' म्हणजे कर. आणि 'बाकी' म्हणजे बाकीच. मावशीची निम्मी भीती या शेवटच्या शब्दात होती, ते पुढं येईल.

कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली. २०२२-२३ या आर्थिक वर्षात घराचा महिन्याचा सरासरी वापर जेवढा होता त्यात १० टक्के मिळवायचे, तेवढे युनिट फुकट. मावशीची सरासरी १०४, म्हणजे हक्काचे ११४. त्याच्या वर गेलं पण २०० च्या आत राहिलं तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्यापुरती सवलत संपते आणि पहिल्या युनिटापासून बिल भरावं लागतं.

या २०० च्या उंबऱ्याबद्दल लोकांना कल्पना नसते, म्हणून आकडे मांडतो. २०२५-२६ साली घरगुती दर युनिटला ५ रुपये ८० पैसे होता, सगळ्या युनिटांना एकच. स्थिर आकार किलोवॅटला १४५ रुपये. मावशीचा मंजूर भार २ किलोवॅट, म्हणजे २९०. पेन्शन-ग्रॅच्युइटीचा अधिभार युनिटला ३६ पैसे. वीज आकारावर ९ टक्के कर. इंधन समायोजनाचा आकार महिन्यागणिक बदलतो, तो इथं धरलेला नाही. या हिशेबानं मावशीनं १९९ युनिट वापरले असते तर तिला सुमारे ५७० रुपये पडले असते. २०१ वापरले तर १६३० च्या पुढं. दोन युनिटांनी हजार रुपयांचा फरक पडतो.

डिसेंबरचं बिल १७१ युनिटांचं होतं. ३८० रुपयांच्या आसपास आलं आणि मावशीनं थंडीचे दिवस म्हणून भरून टाकलं. जानेवारीत २१७ युनिट, बिल सुमारे १७४० रुपये. ते तिनं भरलं नाही, आणि त्यामागं तिचं एक कारण होतं. जून २०२३ मध्ये साऱ्या राज्यात लोकांना अशीच मोठी बिलं आली होती. आयोगानं मे महिन्यात सरासरी ७० पैशांची दरवाढ केली ती १ एप्रिलपासून लागू धरली आणि मागचा फरक जूनच्या बिलात आला. तेव्हा सगळ्या गल्लीला आलं होतं, म्हणून याही वेळी सगळ्यांनाच आलं असणार, कुणीतरी तक्रार करेल, कमी होईल, असं तिला वाटलं. गल्लीत विचारायला मात्र ती गेली नाही. गेली असती तर कळलं असतं की यंदा फक्त दोनच घरांना जास्त आलंय, आणि ती दोन्ही एकाच फळीवरची आहेत.

फेब्रुवारीत २२४ युनिट. चालू बिल सुमारे १७९०, वर जानेवारीची बाकी आणि व्याज. साडेतीन हजार झाले ते असे.

पहिला शनिवार

७ फेब्रुवारीला मी गेलो. सगळ्यात आधी बिलातलं आजचं रीडिंग आणि मीटरवरचा आकडा पडताळला. बरोबर. दोन रीडिंगमधले दिवस मोजले, ३१. म्हणजे रीडिंग चुकलेलं नाही, उशिरानंही घेतलेलं नाही. मोठं बिल आलं की निम्म्या वेळा उत्तर इथंच मिळतं. आम्हाला मिळालं नाही.

मग घरातल्या वस्तू मोजल्या. जुना एक दाराचा फ्रिज, दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. टीव्ही, आठ एलईडी दिवे, अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर अर्धा तास, मिक्सर, आठवड्यातून तीनदा वॉशिंग मशीन, इस्त्री, नातीचा लॅपटॉप. कसंही ओढूनताणून जोडलं तरी दिवसाला साडेतीन युनिटांपुढं जाईना. महिन्याला १०५. जुन्या वापराशी हे चपखल बसत होतं. रोज साधारण साडेतीन युनिट आणखी कुठंतरी जात होते, आणि साडेतीन युनिट म्हणजे काही विसरलेला बल्ब नव्हे. पाणी तापवणारी, उष्णता देणारी एखादी वस्तूच एवढं खाते. मावशीच्या घरात गीझर नाही. ती अजून तांब्याच्या बंबात पाणी तापवते, परसातल्या काटक्या आणि नारळाच्या करवंट्यांवर.

मी फ्रिजवर ठपका ठेवला. दाराचं रबर सैल होतं, मागची जाळी धुळीनं भरलेली. तो दिवसभर बंद ठेवायला सांगितला. बिचारीनं दूध-भाजी जावेकडं नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मीटर सव्वा युनिटच कमी पळला. ही माझी पहिली चूक. आधीच हिशेब केलेला असताना, त्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीवर मी संशय घेतला.

दुसरी चूक जास्त महागात पडली. गळती आहे का बघायला मी फळीवरचं मावशीचं किटकॅट फ्यूज (घराचा मेन) उपसलं. घर अंधारलं. मीटरवरचा लाल दिवा, जो वीज जात असताना लुकलुकतो, तो थांबला. मी म्हटलं, "गळती नाही. मीटरच जोरात पळत असणार." तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तीन वाजता कोण अंघोळ करतो?

सोमवारी उपविभागाच्या कार्यालयात अर्ज दिला, मीटर तपासणीची फी भरली. शुक्रवारी लाईनमन येऊन मीटर तपासून गेले. मीटर बरोबर निघाला. जाता जाता त्यांनी मीटरवरच्या 'ई. एल.' लिहिलेल्या बारीक दिव्याकडं बोट दाखवलं. "हा लागला की समजायचं, आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा नाही. तुमच्या वायरिंगमध्ये बघा." तेव्हा दिवा विझलेला होता. पण मला दिशा मिळाली.

नातीची वही

मग मी ती वही नीट उघडली. पोरीनं जानेवारीचं बिल आल्यावर, कुणी न सांगता, रोज तीन वेळा मीटरचा आकडा लिहून ठेवायला सुरुवात केली होती: सकाळी ६, कॉलेजला जाताना ९, रात्री १०. पहिल्या शनिवारी तिनं ती माझ्यापुढं केली होती आणि मी पानं चाळून बाजूला ठेवली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

बिल महिन्याचा एकच आकडा देतं. वहीनं दिवसाच्या वेळा दिल्या. सकाळी ६ ते ९ या तीन तासांत रोज जवळपास तीन युनिट जात होते. त्या वेळात मावशीकडं फ्रिज, एक-दोन दिवे आणि कधी मोटर, एवढंच चालतं. अर्धा युनिटसुद्धा होऊ नये. दिवसभर मीटर शांत, संध्याकाळी पुन्हा एखादा युनिट जास्त.

आणि दोन दिवस असे होते की दिवसाचा वापर सरळ साडेतीनवर आलेला. माघी पौर्णिमेचे, भारत हुण्णिमेचे. मी पोरीला विचारलं, "या दोन दिवशी काय वेगळं झालं?" ती म्हणाली, "मामा, काही नाही. आम्ही घरीच होतो. मागचे सगळे सौंदत्तीला गेले होते, यल्लम्माला."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बदलला. "मला वाटतच होतं. भावजींनी आपल्या लाईनीतनं वायर ओढलीय."

इथं मी थांबलो. कुठल्याही घरात हा शब्द एकदा उच्चारला की परत घेता येत नाही. मागच्या घराचंही बिल वाढलंय हे तोवर जावेच्या बोलण्यातून मला कळलं होतं. वीज चोरणाऱ्याचं बिल कमी होतं, वाढत नाही. मावशीला एवढंच म्हटलं, "रविवारपर्यंत कुणाला काही बोलू नको."

महाशिवरात्रीची सकाळ

१५ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. कपिलेश्वराला रांग लागायच्या आत दर्शन घ्यायचं म्हणून मागच्या घरी पहाटेपासून अंघोळी सुरू होत्या. मी सहाला पोचलो, कारखान्यातला टाँग टेस्टर (तारेला चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजायचं यंत्र) बरोबर घेऊन.

फळीवर मावशीच्या मीटरचा लाल दिवा सपाट्यानं लुकलुकत होता, सेकंदाला जवळजवळ दोनदा. 'ई. एल.'चा दिवाही लागलेला. किटकॅट उपसलं. पुढचं सारं घर अंधारात. लाल दिवा थांबला नाही, वेगही जेमतेम कमी झाला.

मीटरवर छापलेलं असतं, किती लुकलुकीला एक युनिट. मावशीच्या मीटरवर ३२००. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला १०६ भरले. तासाला ६३६० म्हणजे २ किलोवॅटला जेमतेम बारा-तेरा वॅट कमी. गीझरचा आकडा. घरातल्या सगळ्या वस्तू बंद, मेन उपसलेला, आणि मीटर दोन किलोवॅटचा गीझर मोजतोय.

टाँग टेस्टरचा चिमटा नेहमी एका तारेभोवती घालायचा असतो. दोन्ही तारा एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि सगळं ठीक असेल तर शून्य दिसतं. मावशीच्या फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) चिमटा घातला: शून्य, फ्यूजच नव्हतं. न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) घातला: ८.७ अँपिअर.

म्हणजे वीज मावशीच्या मीटरमधून घरात जात नव्हती, दुसऱ्याच वाटेनं गेलेली वीज तिच्या न्यूट्रलमधून परत येत होती. किटकॅटनं फक्त फेज तुटतो. न्यूट्रल सरळ जोडलेला असतो, म्हणून मेन बंद करूनही त्यातून प्रवाह चालू राहिला.

मग मीटर ते का मोजतो? चाकाच्या जुन्या मीटरनं बहुधा हे मोजलंच नसतं. त्याचं लक्ष एकाच तारेवर असे. त्याचा फायदा घेऊन काही लोक न्यूट्रलऐवजी जमिनीत तार सोडून वीज चोरायचे. त्यावर उपाय म्हणून आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही तारांतला प्रवाह बघतात आणि जिथं जास्त असेल तो हिशेबात धरतात. चोर पकडायला हे चांगलंच आहे. पण दोन घरांच्या तारा कुठंतरी गुंतल्या असतील तर हाच मीटर निरपराध माणसाला शेजाऱ्याची वीज लावतो, आणि तपासणीत तो मीटर बरोबरच निघतो, कारण तो बरोबरच असतो.

मी मागं गेलो. काका, म्हणजे मावशीचे दीर, सोवळ्यात उभे होते. त्यांना म्हटलं, "काका, दोन मिनिटं पुढं येता का? तुमच्या बिलाचं कारण सापडतंय बहुतेक." तुमच्या बिलाचं, असंच म्हटलं, आणि ते खरंही होतं. त्यांचा वापर दीडशेवरून अडीचशेच्या पुढं गेला होता, गृहज्योती गेली होती. सून फार वेळ अंघोळ करते म्हणून घरात दोन महिने कुरबूर चालली होती, हे मला नंतर कळलं.

फळीसमोर आम्ही तिघं उभे राहिलो, काका, मावशी आणि मी. पोरगी मागच्या न्हाणीघराच्या दाराशी फोन कानाला लावून. "बंद कर." तिनं गीझर बंद केला. मावशीच्या मीटरचा दिवा जागच्या जागी थांबला, काकांचा मंदावला. "चालू कर." दोन्ही दिवे एकदम पळायला लागले. चार वेळा केलं. पाचव्या वेळी काका म्हणाले, "पुरे."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काका मावशीकडं वळले. "वैनी, देवाशपथ, मला ह्यातलं काही ठावं नव्हतं." मावशी म्हणाली, "ते दिसतंय की भावजी. तुमचाबी मीटर पळतोय." रविवारपर्यंत तिनं जे पोटात ठेवलं होतं ते पोटातच राहिलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोठं काम तेच.

वायर कुठं चुकली

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्याला, काकांनी परसात नवं न्हाणीघर बांधलं होतं आणि तिथं गीझर बसवला होता. डिसेंबरच्या बिलात वीसच दिवस आले म्हणून वाढ निम्मी दिसली. वायरमननं फेज काकांच्या बोर्डातूनच आणला होता, नवी जाड तार टाकून. न्यूट्रलसाठी मात्र तेवढं अंतर परत न जाता जिन्याखालच्या जंक्शन बॉक्समधला न्यूट्रल घेतला. जिन्यातला दिवा वाटणीत मावशीच्या मीटरवर आलेला. टेस्टर लावला तर न्यूट्रल तो न्यूट्रलच दिसतो, गीझर तापतो, काम झालं. त्या माणसाची नियत वाईट नव्हती. वाटणी झालेल्या घरात कुठली तार कुणाची हे विचारायला हवं, एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही.

फेज काकांचा म्हणून गीझरचा प्रत्येक युनिट काकांच्या मीटरनं मोजला. न्यूट्रल मावशीचा म्हणून तोच युनिट मावशीच्या मीटरनंही मोजला. एका गीझरची वीज दोनदा विकली गेली आणि त्यामुळं काकांच्या घराबरोबर मावशीचं घरही २०० च्या पलीकडं गेलं.

पैशांपेक्षा मोठा धोका दुसराच होता, आणि तो समजल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मावशीचा न्यूट्रल फळीपाशी कधी सैल होऊन सुटला असता तर काकांच्या गीझरमधून आलेली वीज मावशीच्या घरातल्या सगळ्या न्यूट्रल तारांत उभी राहिली असती. मेन काढून, वीज बंद आहे असं समजून कुणी बल्बचा होल्डर दुरुस्त करायला हात घातला असता तरी शॉक बसला असता. शिवाय त्या गीझरला अर्थिंगच नव्हतं. म्हणून गीझर त्याच क्षणी बंद केला. पुढचा आठवडा काकांच्या घरी मावशीच्या बंबातलं पाणी गेलं.

२२ तारखेच्या रविवारी तोच वायरमन आला. त्याला बोलावू नका असं मुलाचं म्हणणं होतं. काकांनी ऐकलं नाही, ज्यानं बांधलं त्यानंच सोडवायचं म्हणाले. काकांच्या स्वतःच्या न्यूट्रल लिंकपासून गीझरपर्यंत नवी तार, सोबत अर्थिंगची हिरवी तार. जिन्याखालचा जोड तोडला. मजुरी त्यानं घेतली नाही. दोन्ही घरांत ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवले. हे यंत्र जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात एवढासा फरक पडला तरी वीज तोडतं. ते नोव्हेंबरात असतं तर गीझर पहिल्यांदा लावल्याबरोबर खट्कन पडलं असतं आणि हे प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं. काकांकडचं पहिल्याच रात्री पडलं. मिक्सरच्या वायरीची गळती निघाली, बरंच झालं.

सगळं बसल्यावर मावशीच्या फळीवर पुन्हा चिमटा लावला. फेज ०.६, न्यूट्रल ०.६. फक्त फ्रिज.

साडेतीन हजारांचं काय झालं

मावशीला सगळ्यात जास्त भीती होती ती 'बाकी' बघून तार तोडायला येतील याची. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणं थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलावर खरोखर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. न भरता गप्प बसणं हा मात्र कशावरचाच उपाय नव्हे. मावशीच्या बाबतीत त्यानं व्याज वाढलं आणि महिनाभर तिची झोप गेली.

पण आमचा वाद उभा राहण्यासारखा नव्हता. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाच्या जबाबदारीचं. मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, दर बरोबर. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडं जाता आलं असतं, त्यावर विद्युत लोकपालही आहे, पण तिथं जाऊन आम्ही म्हणणार काय होतो? म्हणून कार्यालयात मावशीच्या सहीचा साधा अर्ज दिला: दोष घरातला होता, दुरुस्त केलाय, रक्कम दोन हप्त्यांत भरू द्यावी. मान्य झालं.

मग घरातला हिशेब. डिसेंबर ते मार्च मिळून मावशीचे सुमारे ४००० रुपये त्या एका जोडानं गेले, तो नसता तर तिचं बिल शून्यच होतं. काकांनी सगळे देतो म्हटलं. मावशीनं नको म्हटलं, एक पैसा नको. दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं तेव्हा जाऊबाई मध्ये पडल्या. काकांचीही सवलत गेली होती, पण ती त्यांच्या स्वतःच्या वापरानं. मावशीनं काहीच वापरलं नव्हतं. शेवटी काकांनी २००० दिले आणि मावशीच्या आर.सी.सी.बी.चे पैसेही भरले. माझ्या मते मावशीनं पूर्ण रक्कम घ्यायला हवी होती. पण पंचवीस वर्षांनी दिराकडून पैसे मागायचे नव्हते तिला, तो तिचा निर्णय.

काकांचं बिल गीझरमुळं अजून २०० च्या पुढं जातंच, कारण ती वीज त्यांनी वापरलेली आहे. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरकायच्या आणि मग बटण बंद, एवढा नियम त्यांनी केलाय. पहिल्या महिन्यात त्यानं २११ वर आले. अकरा युनिट उरलेत, उन्हाळ्यात ते जातील असं वाटतं. सुनेला आता कुणी बोलत नाही.

मावशीचं मार्चचं बिल १३५ युनिटांचं आलं, १४० रुपयांच्या आसपास. त्यात गीझर बंद करण्याआधीचे फेब्रुवारीतले नऊ दिवस होते. ६ एप्रिलला संध्याकाळी पोरीनं बिलाचा फोटो पाठवला, बळके १०६, भरायची रक्कम शून्य. पाठोपाठ तिचा फोन आला. "मामा, आजीनं आज वाचलं. हिंदिन कुठलं आणि इंदिन कुठलं ते बोट ठेवून दाखवलं, आणि वजाबाकी माझ्याआधी केली."